लातूरचा हात

लातूरच्या माणसाला एखादवेळ उपाशी बसवा, उन्हात उभं करा, तो कुरकुर करत का होईना, ऐकून घेईल. पण नळ सुरू ठेवून नुसतं बघत बस, असं त्याला सांगू नका. त्याचा हात आपोआप पुढं जातो आणि नळ बंद होतो. हा हात शाळेत शिकवत नाहीत, तो घरात तयार होतो. आणि भार्गवीचा हात तर तिच्या वडिलांच्या, श्रीपादरावांच्या घरात तयार झालेला, तेव्हा तो किती पक्का असेल ते लातूरकरांनीच ओळखावं.

नेमक्या ह्या हातानंच तिचा घात केला.

भार्गवी परराज्यातल्या एका अणुवीज केंद्रात इंजिनिअर होती. एवढी वर्षं पंप आणि पाईप यांच्या मागं धावली ती एका खुर्चीसाठी. कंट्रोल रूममधली, अणुभट्टी चालवणाऱ्याची खुर्ची. त्या खुर्चीवर बसायला परवाना लागतो आणि परवान्याची शेवटची परीक्षा सिम्युलेटरवर होते. सिम्युलेटर म्हणजे खोटी कंट्रोल रूम, पण दिवे, काटे, बटणं, भोंगे सगळं अस्सल. समोर बसलेल्याचा घामही अस्सल.

परीक्षेत तिला अपघात दिला होता आणि तोही वाईटातला वाईट. पाईप फुटला, वीज गेली, भट्टी बंद झाली, पण तोवर आतलं इंधन तापून खराब झालं होतं. भट्टी बंद झाली म्हणजे काम संपलं असं तुम्हाआम्हाला वाटतं. पण गुऱ्हाळात चुलवाणातला जाळ ओढून घेतला तरी काहिलीतला रस खदखदतच असतो की नाही? अणुभट्टीचं त्याहून अवघड, कारण तिची उष्णता इंधनाच्या पोटातूनच निघत राहते, दिवसचे दिवस. तिला सावरायचं तर एकच, तिच्यावर पाणी सोडत राहायचं.

भार्गवीनं सगळं बरोबर केलं. वरच्या मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, पाणी भट्टीकडं निघालं, तापमान उतरायला लागलं. पण शेजारीच टाकीचा काटा होता आणि तोही उतरायला लागला. पाऊण झाला, अर्धा झाला, पावाकडं निघाला. भार्गवीचा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिनं धार निम्मी केली. थोड्याच वेळात भट्टी पुन्हा तापली, सगळी भिंत लाल दिव्यांनी भरून गेली आणि परीक्षा तिथंच थांबली.

परीक्षक होते उमाशंकर. नांदेडचे, गोदावरीकाठचे, बोलायला मोकळे. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "पाणी का कमी केलं बाई?"

"टाकी रिकामी होत होती, सर."

"तापमान काय म्हणत होतं?"

"तिकडं बघितलंच नाही."

उमाशंकरांनी डोक्याला हात लावला. "आम्हा नांदेडच्या लोकांना गोदावरीनं लाडावून ठेवलंय, आमचा हात सैल. तुमचा हा लातूरचा हात तुम्हाला बुडवणार. अहो, टाकी भरायला दुसरी माणसं आहेत ना! तुमचं काम ओतायचं. आणि हसू नका, अमेरिकेत खऱ्याखुऱ्या अपघातात खऱ्या माणसांनी हेच केलं होतं. पाणी पुरेसं आहे असं धरून चालले, धार कमी केली आणि भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला."

भार्गवीला हसू येत नव्हतंच. संधी आता एकच उरली होती. तीही हुकली असती तर खुर्ची कायमची गेली असती आणि तिची रवानगी कागद हलवायच्या टेबलावर झाली असती. मधल्या दिवसांत घरी जाऊन या, असं उमाशंकरांनीच सांगितलं. ज्या घरात हा हात तयार झाला तिथंच आपण उपचाराला निघालोय, हे तिच्या लक्षात लातूर स्टेशन आल्यावर आलं.

श्रीपादराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले होते, पण हौदाच्या नोकरीतून अजून झाले नव्हते. अंगणाच्या पोटात त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला हौद होता आणि त्यात बुडवायला वेळूची एक काठी होती. काठीवर खुणा. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते झाकण उचलत, काठी बुडवत आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात खूण सांगत, "आज पाऊण!" "आज अर्धा!" दुसऱ्या घरातली पोरं भूपाळीनं उठत असतील, भार्गवी ह्या खुणेनं उठायची. "पाव!" असा आवाज आला की घरातलं बोलणंसुद्धा हळू व्हायचं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्याचं पाणी फरशीला, आणि अंघोळीला बादली भरून घेणारा पाहुणा श्रीपादरावांच्या मनातून कायमचा उतरलेला.

पण त्यांना कंजूष म्हणाल तर गल्लीतली माणसं तुमच्या अंगावर येतील. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात ह्याच हौदानं अर्धी गल्ली जगवली होती. वाचवायचं ते देता यावं म्हणून, एवढी साधी गोष्ट होती. बापाचं हे भार्गवीला फार आवडायचं. म्हणून तर तिला खरं सांगायची हिंमत होईना.

पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "कशात राहिलीस गं भारू?"

"पाणी कमी सोडलं, अप्पा."

"किती सोडायला पाहिजे होतं?"

"लागेल तेवढं. टाकी संपली तरी."

श्रीपादरावांचा घास हातातच राहिला. "टाकी संपली तरी? आणि मग?"

"भरायला दुसरी माणसं असतात."

"दुसऱ्याच्या भरवशावर टाकी रिकामी करायची? ही कुठली रीत? दुसरा आलाच नाही तर?"

 भार्गवीला सिम्युलेटरवर नेमकं हेच वाटलं होतं, ह्याच शब्दांत आणि ह्याच आवाजात. भार्गवीच्या आईनं, सरोजिनीबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यांना गणित सुटायला वेळ लागला नाही. त्या शांतपणे नवऱ्याच्या पानात भाजी वाढत म्हणाल्या, "तुमचंच लेकरू आहे. काठी तुमची, कान तिचे. पोरगी तिकडं खुर्चीवर बसली होती, पण ऐकू तिला तुम्ही येत होता."

 श्रीपादराव हात धुवायला उठले, तेव्हा त्यांनी नळाखाली हात धरला आणि नळ उघडायचाच विसरले.

दुसऱ्या दिवशी भार्गवीनं स्वतःच इलाज सुरू केला. मोरीतल्या नळाखाली बादली ठेवायची, नळ सोडायचा आणि बादली भरून वाहायला लागली तरी बंद करायचा नाही. बादली काठाला आली की हात पुढं जायचा. तिनं हात मागं बांधून बघितले, तर पायाच्या अंगठ्यानं नळ बंद केला. त्याच वेळी शेजारच्या गुणाबाई ताक घेऊन आल्या. किल्लारीच्या माहेरच्या, लग्न होऊन लातुरात आलेल्या, आणि ह्या घरात त्यांना दार वाजवायची सवय नव्हती.

"अगं माय, हे काय करायलीस? पायानं नळ?"

भार्गवीनं सगळं सांगितलं. भट्टीचं गुणाबाईंना किती कळलं कोण जाणे, पण जळतंय आणि पाणी ओतायचंय, एवढं कळलं. त्या मोरीच्या उंबऱ्यावर टेकल्या.

"माझं ऐक. भूकंप झाला तवा मी लहान होते. घर गेलं, चूल गेली, सगळं मातीत. दोन रोजांत कुठून कुठून भाकरीच्या थप्प्या आल्या. ट्रक भरभरून. लई आल्या, शिळ्या झाल्या, जनावरांनी खाल्ल्या. तवा कुणी म्हणलं न्हाई, की पुढं काय खाताल, आज अर्धीच घ्या. माणूस आधी जगवायचं असतंय. मोजायचं ते मागनं. आधी मोजत बसली असती माणसं, तर आज हे ताक तुला कुणी आणून दिलं असतं?"

भार्गवीनं ताक घेतलं. तिला बरं वाटलं, पण हाताला काही फरक पडला नाही. बोलणं पटतं ते डोक्याला, हात आपला आपल्या गावी असतो. पलीकडं ओसरीवर श्रीपादराव पेपर वाचत होते आणि त्यांनी बराच वेळ पान उलटलं नव्हतं, हे तिला दिसलंच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी खुणेचा आवाज आला नाही. भार्गवी त्या शांततेनंच जागी झाली. मग अंगणातून हाक आली, "भारू, बाहेर ये."

हौदाचं झाकण बाजूला काढलेलं होतं. मोटार जोडलेली होती. पाईपाचं तोंड लिंबोणीच्या आळ्यात सोडलं होतं, आणि पाईपाच्या कॉकपाशी तिच्यासाठी पाट मांडला होता. श्रीपादराव धुतलेला सदरा घालून, हातात काठी घेऊन हौदाच्या तोंडाशी उभे होते. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते, पण चेहरा मात्र लेक सासरी धाडणाऱ्याचा.

"काल पाणी सुटलं होतं," ते म्हणाले. "हौद गळ्यापर्यंत आहे. आता आठवडाभर तरी पाणी सुटायचं नाही. कॉक तुझ्या हातात. मी खुणा सांगत जातो. तळ लागेस्तोवर कॉकला हात लावायचा नाही."

"अप्पा! हा सगळा हौद?"

"भट्टी मी कुठून आणू? आणि तुझं भांडण भट्टीशी नाहीच. तुझं भांडण ह्या काठीशी आहे. ती माझी आहे, तेव्हा ते मलाच मिटवू दे."

"तुम्हाला बघवणार नाही, अप्पा."

"नसंल बघवत. त्याची फिकीर तू करू नकोस. बस पाटावर."

मोटार सुरू झाली आणि भार्गवीनं कॉक पूर्ण उघडला. पाण्याचा लोट लिंबोणीच्या आळ्यात पडला. आळं भरायला वेळ लागला नाही. ते भरून पाणी अंगणात आलं, अंगणातून फाटकाकडं निघालं. श्रीपादरावांनी काठी बुडवली.

"पाऊण!"

भार्गवीचा हात कॉकवर गेला. "हात खाली," बाप ओरडला. हात खाली आला.

पाणी फाटकाखालून गल्लीत गेलं, तसा गल्लीत एकच गिल्ला झाला. "पाणी! श्रीपाददादाचा हौद फुटला!" गुणाबाई पहिल्या धावल्या, त्यांच्या दोन्ही काखेत घागरी होत्या. मागोमाग बायका, पोरं, दाढीला साबण लावलेले बाप्ये, हंडे, कळश्या, पातेली, एकानं तर चक्क देवघरातला गडू आणला. कुणीतरी वाळूचं पोतं आणून गटारीच्या तोंडाशी टाकलं. आत येऊन बघतात तर हौद धडधाकट, कॉकपाशी पोरगी, आणि श्रीपादराव स्वतःच्या तोंडानं खुणा सांगत स्वतःचा हौद रिकामा करतायत. रेल्वेचं पाणी आलं तेव्हासुद्धा गल्लीला एवढा धक्का बसला नव्हता.

"दादा, बरं हाय न्हवं?" गुणाबाईंनी हळूच विचारलं.

"भारूची परीक्षा आहे. बोलू नका. पाईपाखाली भांडी धरा."

भांडी लागली. एक हंडा भरला की दुसरा येईपर्यंत थोडं पाणी खाली सांडतंच, आणि तेवढ्या वेळात नळ बंद करणं हा तर लातूरचा धर्म. दर हंड्याला भार्गवीचा हात वर जायचा. दर वेळी बाप म्हणायचा, "सांडू दे." तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणाला, "सांडू दे गं लेकरा."

"अर्धा!" मग बऱ्याच वेळानं, "पाव!"

त्या 'पाव'ला भार्गवीचे डोळे भरून आले. पण तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि समोर बघितलं. समोर गल्ली होती. कुणाला काही न विचारता माणसं ओळीनं उभी होती, भरलेलं भांडं मागं जात होतं, रिकामं पुढं येत होतं. तिनं ओतलेलं पाणी कुठं गेलं नव्हतं. ते गल्लीत साठत होतं. तिनं फक्त ओतायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे तिच्या डोक्याला नाही, हाताला कळलं.

मोटारीनं घरघर केली आणि हवा ओढली. श्रीपादरावांनी काठी बुडवली. ती तळाला टक्कन वाजली.  ते ओसरीवर येऊन बसले आणि काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. भार्गवी त्यांच्या पायाशी जाऊन बसली. सरोजिनीबाईंनी चहा आणून दिला आणि आयुष्यभराची सवय मोडून नवऱ्याला टोमणा मारला नाही.

ऊन कलल्यावर गुणाबाई आल्या. कमरेवर हंडा होता. त्यांनी कुणाला काही न विचारता झाकण सरकवलं आणि हंडा हौदात उपडा केला.

"गुणाबाई, हे काय? तुम्हाला लागंल ते."

"लागंल तवा नेईन की. दादा, रेल्वेच्या पाण्याच्या साली माझं टिपाड ह्या हौदातून भरून दिलं, तवा मोजून दिलं होतं का?"

त्यांच्या मागं सकाळचीच ओळ उभी होती. हंडे, घागरी, पातेली, आणि तो गडूसुद्धा. एकेक जण येत होता, ओतत होता, "येतो दादा" म्हणून जात होता. दुसरा आलाच नाही तर, असं विचारणाऱ्या माणसाच्या दारात अख्खी गल्ली आली होती. सगळे गेल्यावर श्रीपादरावांनी काठी बुडवली आणि वर काढून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. लिंबोणीनं प्यायलेलं आणि सांडलेलं सोडलं तर बहुतेक पाणी घरी आलं होतं. मग त्यांनी काठी बायकोपुढं धरली. तेव्हा सरोजिनीबाईंनीच काठी बघून सांगितलं, "अर्ध्याच्या वर आहे हो." आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

दुसऱ्या परीक्षेत उमाशंकरांनी अपघात जरा जास्तच वाईट दिला. भार्गवीनं टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काटा उतरायला लागला. पावापाशी कानात तोच खणखणीत आवाज आला, पण ह्या वेळी त्याच्या मागोमाग 'सांडू दे गं लेकरा' हेही ऐकू आलं. तिनं हात मांडीवर ठेवले आणि तापमानावरची नजर ढळू दिली नाही. तापमान मुकाट्यानं खाली येत होतं.

फुटक्या पाईपातून सांडलेलं पाणी इमारतीच्या तळाशी एका खड्ड्यात साठतं. टाकी संपली की तेच पाणी डिझेलवरच्या पंपानं उचलायचं, थंड करायचं आणि पुन्हा भट्टीवर फिरवायचं, दिवसचे दिवस. परीक्षेला बसलेल्यांना बहुतेक वेळा ह्याची आठवण टाकी संपत आल्यावर, भोंगा वाजल्यावर होते. भार्गवीनं मात्र खड्ड्याचा पंप कधीच तयार करून ठेवला होता. काटा शून्यावर आला, तिनं पंप सुरू केला आणि भट्टीला कळलंसुद्धा नाही की टाकी संपली.

"खालच्या पाण्याकडं तुमचं लक्ष पहिल्यापासून होतं?" उमाशंकरांनी सही करता करता विचारलं.

"सांडलेलं पाणी कुठं गेलं, ते बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही, सर."

उमाशंकर मोठ्यानं हसले. "गोदावरीकाठच्या माणसाला हे सुचलं नसतं बरं का," ते म्हणाले आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

भार्गवीनं बाहेर येऊन घरी फोन लावला. फोन श्रीपादरावांनीच उचलला. पास झालीस का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"किती ओतलंस?"

"सगळं, अप्पा."

"सगळं?"

"तळ लागेस्तोवर. हात लावला नाही. मग खाली साठलेलं उचललं आणि परत फिरवलं."

 पलीकडून चपला घासत चालल्याचा आवाज आला, फाटकाची कडी, आणि मग, सकाळी हौदाची खूण सांगायचे त्याच आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, श्रीपादराव ओरडले, "गुणाबाई! आमच्या भारूनं अख्खी टाकी रिकामी केली!"